दोन पथ्ये : सीलिॲक विकार आणि दुग्धाहार



ज्याने सारे आयुष्य मराठी भाषा व साहित्य शिकवण्यात घालवले, त्याने आहार आणि विकार यांवर बोलावे याचे आपणांपैकी अनेकांना नवल वाटले असेल. या विषयाच्या निवडीमागे दोन कारणे आहेत. पहिले व्यक्तिगत आहे. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी मला सीलिॲक विकार असल्याचे निदान झाले. तोवर काही वर्षे रक्तातील लोह कमी होते आणि गोळ्या घेऊनही ते वाढत नव्हते. पुढे पायरी उतरताना किरकोळ घसरण्याचे निमित्त झाले आणि मनगटाचे हाड मोडले. एवढ्याशा धक्क्याने हाड का मोडावे, या प्रश्नाचा मागोवा घेत वैद्यक आतड्यापर्यंत पोहोचले. दुसरे कारण माझ्या विषयाशी निगडित आहे. या विकाराच्या आहारात जो गोंधळ घरोघर दिसतो, त्याचा बराचसा भाग शब्दांचा गोंधळ आहे, असे मला अनुभवान्ती वाटू लागले. शब्दांचा गोंधळ निस्तरणे हे तर भाषेच्या शिक्षकाचे कामच आहे.

निदानानंतर मला दोन पथ्ये सांगण्यात आली. गहू, जव आणि राय ही धान्ये आजन्म वर्ज्य. आणि दूध सहा महिने बंद. घरी भेटीस येणाऱ्या हितचिंतकांनी या दोन्ही पथ्यांची सरमिसळ करून टाकली. कोणी म्हणाले, "गहू कायमचा सोडलात, तसे दूधही कायमचेच सोडा." सहा महिन्यांनी मी पुन्हा दूध घेऊ लागलो, तेव्हा दुसरे म्हणाले, "दूध सोसले ना? मग आता आठवड्यातून एखादी पोळी खायला काय हरकत आहे?" ही दोन्ही मते सद्‌हेतूने दिलेली होती आणि दोन्ही सारखीच घातक होती. ती घातक का, हे उलगडून सांगणे एवढाच आजच्या विवेचनाचा हेतू आहे.

विकाराचे नाव आणि स्वरूप

'सीलिॲक' हा शब्द ग्रीक भाषेतील उदरवाचक शब्दावरून आला आहे. कॅपाडोशियाचा आरेटीयस या प्राचीन ग्रीक वैद्याने अन्न न पचता बाहेर पडणाऱ्या, कृश होत जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन करताना तो वापरला. आधुनिक काळात लंडनच्या सॅम्युएल गी यांनी १८८८ साली प्रसिद्ध केलेल्या व्याख्यानात या विकाराचे नेमके वर्णन केले आणि रुग्ण बरा व्हायचाच असेल तर तो आहारानेच होईल, असे मत मांडले. पण आहारातील नेमका कोणता पदार्थ दोषी, हे त्यांना उमगले नव्हते.

आपल्याकडील वाचकाला येथे 'ग्रहणी' हा शब्द आठवणे साहजिक आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील पंधरावा अध्याय ग्रहणीदोषांवर आहे आणि त्यात ताकाची मोठी प्रशंसा आहे. तथापि ग्रहणी म्हणजेच सीलिॲक असे समीकरण मांडणे योग्य नव्हे. ग्रहणी या एका नावाखाली आतड्याचे अनेक विकार येतात, सीलिॲक हा एक विशिष्ट विकार आहे. मात्र आतडे दुर्बळ असताना दुधाऐवजी ताक द्यावे, या जुन्या निरीक्षणामागे तथ्य होते. त्याचा उलगडा पुढे होईल.

या विकाराचे मर्म असे. आपल्या लहान आतड्याच्या आतील पृष्ठभागावर बोटांसारखे असंख्य सूक्ष्म अंकुर असतात. पचलेले अन्न त्यांच्याद्वारे शोषले जाते. ज्यांच्या ठायी विशिष्ट आनुवंशिक घटक असतात, अशा काही व्यक्तींच्या शरीरातील संरक्षक यंत्रणा गव्हातील ग्लूटेन या प्रथिनाला शत्रू समजते आणि त्याच्याशी झुंजताना स्वतःच्याच आतड्यावर आघात करते. अंकुर झिजतात, आखूड होतात, प्रसंगी सपाट होतात. मग अन्न पोटात जाते, पण अंगी लागत नाही. मुलांची वाढ खुंटते. प्रौढांत पंडुरोग, थकवा, हाडांचा ठिसूळपणा दिसतो. जुलाब असतातच असे नाही. मला ते कधीच नव्हते.

ग्लूटेन म्हणजे काय, हे ज्यांच्या स्मृतीस हे व्याख्यान वाहिले आहे त्या सरांनी एकदा वर्गात दाखवल्याचे त्यांचे विद्यार्थी अजून सांगतात. घट्ट भिजवलेला कणकेचा गोळा पाण्याच्या बारीक धारेखाली चोळत राहायचा. पांढरे पाणी वाहून जाते, ते पिष्ट. हातात रबरासारखा ताणला जाणारा चिवट गोळा उरतो, ते ग्लूटेन. पोळी पातळ लाटता येते आणि पाव फुगतो, तो याच्यामुळे. ज्वारीच्या पिठाचा असा गोळा उरत नाही, म्हणून तर भाकरी लाटत नाहीत, थापतात. आपल्या भाषेने 'लाटणे' आणि 'थापणे' या दोन क्रियापदांत हा भेद केव्हाच नोंदवून ठेवला आहे.

गव्हाचा दोष कसा उघडकीस आला

गहू दोषी ठरण्यापूर्वी वैद्यकाने अनेक आहार करून पाहिले. अमेरिकेत जॉन हाउलंड यांनी १९२१ साली पिष्टमय पदार्थ दूर ठेवून आरंभी केवळ 'प्रथिन दूध' देण्याची पद्धत सांगितली. हे साधे दूध नव्हे. त्यातील दुग्धशर्करा कमी केलेली असे. १९२४ साली सिडनी हास यांनी केळ्यांचा प्रसिद्ध आहार मांडला. त्यात पाव व तृणधान्ये वर्ज्य होती. मुले सुधारत, आणि श्रेय केळ्याला मिळे.

खरा उलगडा हॉलंडमध्ये झाला. विलेम डिके हे बालरोगतज्ज्ञ दुसऱ्या महायुद्धापूर्वीपासून गव्हाविषयी साशंक होते. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन नाकेबंदीमुळे तेथे भीषण उपासमार झाली, पाव दुर्मिळ झाला. त्या वर्षांत सीलिॲकच्या मुलांवर पावाच्या अभावाचा काय परिणाम होतो, याने त्यांचा तर्क दृढ झाला. १९५० साली उट्रेख्ट विद्यापीठास सादर केलेल्या प्रबंधात त्यांनी रुग्ण मुलांवरील काटेकोर आहारप्रयोगांनी गव्हाचा दोष सिद्ध केला. पुढे लवकरच त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि इंग्लंडमधील बर्मिंगहॅमच्या संशोधकांनी हा दोष गव्हाच्या पिष्टात नसून ग्लूटेनमध्ये आहे, असे दाखवले.

या इतिहासात आपल्या विषयाच्या दृष्टीने एक गोष्ट लक्षणीय आहे. दूध या विकाराचे कारण असल्याचे कोठेही सिद्ध झाले नाही. ते बाधते, हे मात्र पुष्कळांनी पाहिले होते. 'कारण असणे' आणि 'बाधणे' या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मग दूध का बाधते?

दुधात दुग्धशर्करा असते, तिला लॅक्टोज म्हणतात. गाईच्या किंवा म्हशीच्या १०० मिलिलिटर दुधात ती साधारण साडेचार ते पाच ग्रॅम असते. ती जशीच्या तशी शोषली जात नाही. लॅक्टेज नावाचे विकर तिचे दोन तुकडे करते, मगच ती रक्तात जाते. हे विकर कोठे असते? नेमके त्या अंकुरांच्या पृष्ठभागावर, आणि विशेषतः त्यांच्या टोकांकडे. अंकुर झिजले की सर्वांआधी टोके जातात आणि टोकांबरोबर लॅक्टेजही जाते. न पचलेली दुग्धशर्करा मोठ्या आतड्यात उतरते, तेथील जिवाणू तिला आंबवतात, वायू धरतो, पोट फुगते, जुलाब होतात.

म्हणजे दूध येथे आरोपी नाही, साक्षीदार आहे. आतड्याची हानी झाली आहे, एवढेच ते सांगते. हानी करणारा दुसराच आहे. एखाद्या घराचे छप्पर गळत असेल तर भिजलेली भिंत दिसते, पण दुरुस्ती भिंतीची करून भागत नाही. ग्लूटेन पूर्णपणे थांबवले की अंकुर पुन्हा उगवतात. मुलांमध्ये हे काही महिन्यांत घडते, प्रौढांत अधिक काळ, कधी वर्ष-दोन वर्षेही लागतात. अंकुर उगवले की लॅक्टेज परत येते आणि पुष्कळ रुग्णांना दूध पुन्हा सोसू लागते.

येथे शब्दांच्या गोंधळाचा पहिला नमुना पाहा. 'मला दूध पचत नाही' आणि 'मला गहू पचत नाही' ही दोन वाक्ये व्याकरणदृष्ट्या एकाच साच्याची आहेत. त्यांचे अर्थ मात्र एकमेकांपासून फार दूर आहेत. पहिल्यात एका विकराची उणीव आहे. प्रमाण कमी केले की त्रास कमी होतो, आणि त्रास झाला तरी आतड्याला इजा होत नाही. दुसऱ्यात मुळात पचनाचा प्रश्नच नाही, तो संरक्षक यंत्रणेचा उठाव आहे. तेथे 'थोडेसे' चालत नाही, आणि त्रास जाणवला नाही तरी आतून इजा होत राहते. म्हणून दुधावरून पोळीचा निष्कर्ष काढता येत नाही, तसाच पोळीवरून दुधाचाही काढता येत नाही.

याला एक पुरवणी जोडली पाहिजे. जगातील बहुसंख्य लोकांत बालपण सरल्यावर लॅक्टेज निसर्गतःच कमी होते. भारतातही, विशेषतः दक्षिणेकडे, असे लोक पुष्कळ आहेत. अशा व्यक्तीला सीलिॲकही असेल, तर आतडे पूर्ण बरे झाल्यावरही तिचे दुधाशी सख्य मर्यादितच राहील. मात्र तेवढ्याने पथ्य चुकले किंवा विकार उलटला असे समजून घाबरू नये. श्वासातील हायड्रोजन मोजण्याच्या चाचणीने ही उणीव तपासता येते. शिवाय अशा व्यक्तींपैकी अनेकांना एका वेळी १२ ग्रॅमपर्यंत दुग्धशर्करा, म्हणजे सुमारे पेलाभर दूध, फारसा त्रास न होता सोसते, असे अभ्यासांतून दिसले आहे. दुधातील प्रथिनांची वावडी असणे ही मात्र याहून तिसरी, वेगळी गोष्ट आहे; तिचा निर्णय वैद्यकांनीच करावा.

दूध, दही, ताक, तूप

'दूध बंद' या दोन शब्दांनी घरात काय काय बंद होते? दही, ताक, लोणी, तूप, पनीर, श्रीखंड, सारेच. वस्तुतः या पदार्थांत दुग्धशर्करेचे प्रमाण सारखे नाही. आपल्या स्वयंपाकघरात दुधाची जी रूपांतरे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली, त्यांतील बहुतेकांत ही शर्करा पायरी-पायरीने कमी होत जाते.

दुधाला विरजण लावले की जिवाणू दुग्धशर्करेचा काही भाग आम्लात बदलतात. दह्याची आंबट चव ती हीच. शिवाय दह्यातील जिवाणूंकडे स्वतःचे विकर असते. ते आतड्यात जाऊनही काही काम करते, म्हणून त्याच प्रमाणातील दुधापेक्षा दही अधिक सोसते. ताकात पाणी पडल्याने शर्करा आणखी विरळ होते. ग्रहणीच्या रुग्णाला ताक देणाऱ्या प्राचीन वैद्याला लॅक्टेज ठाऊक नव्हते, पण त्याचे निरीक्षण चोख होते. चक्का टांगल्यावर निवळीबरोबर बरीच शर्करा निघून जाते, पनिराचेही तसेच. लोणी कढवून तूप झाले आणि बेरी खाली राहिली, की तुपात दुग्धशर्करा जवळजवळ उरतच नाही.

याच्या उलट दिशेने जाणारा पदार्थ म्हणजे खवा. दूध आटवल्याने पाणी उडते, शर्करा राहते. म्हणून खव्यात ती दुधाच्या चार-पाच पट असते. धारवाडचा पेढा हा आपल्या गावाचा अभिमान. उत्तर प्रदेशातील उन्नाव येथून आलेल्या ठाकूर घराण्याने तो येथे रुजवला आणि आता त्याला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. या पेढ्याच्या मूळ कृतीत खवा आणि साखर आहे, गहू नाही. तेव्हा सीलिॲकच्या रुग्णाने पेढा खावा का? आतडे बरे झालेले असेल आणि खवा शुद्ध असेल, तर एखादा पेढा खाण्यास तत्त्वतः अडचण नाही. निदान नुकतेच झाले असेल, तर त्याच्याइतकी गाढ दुग्धशर्करा टाळलेली बरी. ही मनाई काही काळापुरती आहे, हे मात्र त्याला स्पष्ट सांगावे. मुलाला तर विशेषच सांगावे.

दुधाचे सोबती

आता गोंधळाचे दुसरे मूळ. आपल्या आहारात दूध क्वचितच एकटे येते. दूधपोळी, शेवयांची खीर, रव्याची खीर, दुधात बुडवलेले बिस्किट, ही जोडनावेच पाहा. या प्रत्येक जोडीत एक गव्हाचा आणि एक दुधाचा. त्रास झाला की नाव दुधाचे निघते, कारण दुधाविषयी 'बाधते' असे म्हणण्याची रूढी आहे. पोळीविषयी ती नाही. निदान होण्यापूर्वी कित्येक घरांत दूध सुटते, पोट थोडे हलके वाटते, आणि खरा अपराधी मात्र ताटात सुखेनैव नांदत राहतो. अशा घरांना एक सूचना आग्रहपूर्वक करावीशी वाटते. शंका आली तर गहू आपल्या मनाने बंद करण्यापूर्वी रक्ताची तपासणी करून घ्यावी. गहू आधीच सोडला तर तपासणीतील खुणा पुसट होतात आणि निदान अवघड होते.

निदान झाल्यावरही दुधाच्या आडून गहू आत शिरतो. त्याच्या काही वाटा सांगतो. पहिली हिंगाची. बाजारातील बांधणीचा हिंग शुद्ध नसतो. त्यात पुष्कळदा मैदा घातलेला असतो. मठ्ठ्याला किंवा कढीला त्याची फोडणी दिली, की निर्दोष ताक सदोष होते. दुसरी खव्याच्या मिठाईची. गुलाबजामात मैदा असतोच. रसमलाईत कधी रवा किंवा मैदा मिसळतात. आणि खव्यातच पिष्टाची भेसळ असू शकते. खवा थोड्या पाण्यात उकळून, गार करून त्यात टिंक्चर आयोडीनचे थेंब टाकले आणि निळा रंग आला, तर पिष्ट आहे असे समजावे. ते कोणत्या धान्याचे, हे या परीक्षेने कळत नाही; तेव्हा तो खवा टाळावा, हेच शहाणपणाचे. तिसरी वाट आइस्क्रीमच्या कोनाची.

चौथी वाट 'माल्ट' या शब्दाची आहे. धान्य भिजवून, मोड आणून, वाळवून, भाजून केलेले सत्त्व म्हणजे माल्ट. हा प्रक्रियेचा शब्द आहे, धान्याचा नव्हे. दुधात घालून घेण्याच्या पुष्कळ पौष्टिक पुडींत जवाचे माल्ट असते, काहींत गहूही असतो. त्या रुग्णाला वर्ज्य होत. रागीचे माल्ट मात्र नाचणीचे. त्यात ग्लूटेन नाही. कर्नाटक शासनाने १ ऑगस्ट २०१३ पासून 'क्षीरभाग्य' योजनेखाली शाळकरी मुलांना १५० मिलिलिटर दूध देण्यास प्रारंभ केला आणि २०२४ पासून त्यात रागी माल्ट मिसळून देण्याचाही उपक्रम सुरू झाला. दूध आणि नाचणी ही जोडी सीलिॲकच्या मुलाला तत्त्वतः मानवणारी आहे. तथापि पुडीवरील घटकांची यादी शिक्षकांनी वाचून ठेवावी आणि निदान नुकतेच झालेल्या मुलाला दुधाची सक्ती करू नये. १५० मिलिलिटर दुधात सुमारे सात ग्रॅम दुग्धशर्करा असते. आतडे बरे होईतो तेवढीही काहींना जड जाते.

आपल्या प्रदेशापुरते

हा विकार उत्तर भारताचा, आपल्याकडे तो नाही, अशी समजूत आहे. तिला काही आधार आहे. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत या विकाराच्या प्रतिपिंडांचे प्रमाण उत्तरेत १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के आढळले. आनुवंशिक घटक तिन्हीकडे साधारण सारखेच होते. गव्हाचा दैनिक आहार मात्र उत्तरेत ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत अवघा २५ ग्रॅम होता. म्हणजे प्रवृत्ती येथेही आहे. निमित्त कमी आहे. धारवाड हा ज्वारीचा मुलूख. येथील कडक भाकरीने नकळत पुष्कळांचे रक्षण केले असेल. पण सप्तापुरातल्या मराठी घरांत पोळी पूर्वीपासून आहे, आणि आज सर्वच घरांत पाव, बिस्किटे, शेवया यांचा शिरकाव झाला आहे. 'आपल्याकडे हा रोग नाही' या समजुतीचा तोटा असा, की असलेल्या रुग्णाचे निदान लांबते.

दुसरी समजूत खपली गव्हाविषयीची आहे. येथील कृषी विज्ञान विद्यापीठाने खपलीच्या सुधारित जाती विकसित केल्या. हा गहू चवीला उत्तम, त्याची खीर तर प्रसिद्धच. तो 'पचायला हलका' म्हणून सीलिॲकच्या रुग्णालाही चालतो, असे मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. हे सर्वस्वी चुकीचे आहे. खपली हाही गहूच. त्यात ग्लूटेन आहे. हुग्गीच्या वाटीत दूध निर्दोष असेल, खपली नाही.

तिसरी गोष्ट गिरणीची. ज्वारी निर्दोष, पण तिच्याआधी त्याच जात्यावर गहू दळला असेल तर पिठात गव्हाचा अंश येतो. 'ग्लूटेनमुक्त' म्हणवणाऱ्या पदार्थात दहा लाख भागांत वीसहून अधिक भाग ग्लूटेन असू नये, असा भारतातील नियम आहे. यावरून केवढ्या अल्प प्रमाणाचा विचार करावा लागतो ते ध्यानी येईल. आमच्या घरी ज्वारी व नाचणी निवडून घरच्याच लहान चक्कीवर दळतात आणि त्या चक्कीत गहू जात नाही.

दूध परत का यावे?

दूध बाधत असेल तर कायमचे सोडले म्हणून बिघडले कोठे, असा प्रश्न विचारला जाईल. बिघडते ते हाडांत. झिजलेल्या आतड्यातून कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व नीट शोषले जात नाही. त्यामुळे सीलिॲकच्या रुग्णाची हाडे आधीच दुबळी झालेली असतात. अशा वेळी कॅल्शियमचा आपल्या आहारातील सर्वांत सुलभ स्रोतच दूर केला, तर एका रोगाच्या पथ्यातून दुसरा रोग ओढवतो. प्रौढाला रोज सुमारे १००० मिलिग्रॅम कॅल्शियम मिळावे, अशी भारतीय वैद्यक संशोधन परिषदेची २०२० ची शिफारस आहे. गाईच्या १०० मिलिलिटर दुधातून सुमारे १२० मिलिग्रॅम मिळते. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात ३५० मिलिग्रॅमच्या आसपास असते, पण त्यातील सारेच शोषले जात नाही. तीळ, राजगिरा, हिरव्या पालेभाज्या यांचाही हातभार लागतो. ज्याला दूध खरोखरच सोसत नाही, त्याने यांवर आणि वैद्यकांनी दिलेल्या गोळ्यांवर भिस्त ठेवावी. ज्याला सोसू शकते, त्याने ते भीतीपोटी सोडू नये.

परत येण्याचा मार्गही पायरीचा असावा. माझ्या बाबतीत तो असा ठरला. तूप पहिल्यापासून चालू होते. काही आठवड्यांनी पातळ ताक, मग वाटीभर दही, तेही जेवणाबरोबर. सहा महिन्यांनी अर्धा पेला दूध, रिकाम्या पोटी नव्हे. वर्षाच्या शेवटी पेलाभर. दोन वर्षांनी केलेल्या तपासणीत हाडांची घनता काहीशी सुधारलेली आढळली. प्रत्येकाचा क्रम हाच असेल असे नाही. तो आपल्या वैद्यकांच्या सल्ल्याने ठरवावा. दिशा मात्र हीच असावी. आणि आतडे बरे होण्याचा अपेक्षित काळ उलटूनही पूर्वी सोसणारे दूध बाधतच राहिले, तर दुधाला दोष देण्याआधी आहारात गहू कोठून शिरतो आहे, हे शोधावे.

समारोप

'पथ्य' हा शब्द 'पथ' या शब्दापासून झाला. जे शरीराच्या मार्गांना हितकर, ते पथ्य. मराठीत मात्र त्याचा अर्थ हळूहळू उलटला. 'पथ्य आहे' म्हणजे काहीतरी खायचे नाही, असेच आपण समजतो. मनाईची यादी जितकी लांब, तितके पथ्य कडक, आणि जितके कडक तितके गुणकारी, ही समजूत त्यातूनच आली. सीलिॲकच्या रुग्णाला एकच मनाई आजन्म व निरपवाद पाळायची आहे. तिचे ओझे पुरेसे आहे. तिच्या शेजारी दुसरी, अनावश्यक मनाई आयुष्यभर लादली, तर तो दोन्हींना कंटाळतो, आणि जी सोडायची नाही तीच आधी सोडतो. लहान मुलांत हे विशेष घडते. वाढदिवसाला केक नाही, सहलीत बिस्किट नाही. त्यात श्रीखंडाची वाटीही काढून घेतली, तर त्या मुलाला उरले काय?

या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत आज डॉक्टर आहेत, शिक्षक आहेत, गिरणी आणि मिठाईचा व्यवसाय करणारेही आहेत. त्या सर्वांना माझी विनंती साधी आहे. शाळेत एखादे मूल या विकाराचे असेल तर त्याचा डबा वेगळा असू द्या, पंगत वेगळी असू देऊ नका. स्नेहसंमेलनाच्या जेवणात मठ्ठ्याला फोडणी देताना हिंगाची डबी वाचा. शंका असेल तर जिऱ्याची फोडणी पुरे. एका भांड्यात स्वच्छ चक्कीवरच्या पिठाची ज्वारीची भाकरी ठेवा आणि तिच्यावर लोण्याचा गोळा घाला. ते लोणी त्या मुलाला चालते, हे त्याला आणि त्याच्या आईला ठाऊक असू द्या.